मोफत वकील फोनवरून कसा मिळतो आणि कुठे अडतो? अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूरचा हिशेब

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. त्यासाठी दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही, नगरसेवकाचं पत्र लागत नाही, आणि बऱ्याच जणांना तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. हा हक्क आहे, उपकार नाही. तरीही आपल्याकडे कोणाला पोलीस ठाण्यातून फोन आला, घरमालकानं डिपॉझिट अडवलं किंवा कंपनीनं पगार बुडवला, की पहिला प्रश्न येतो तो 'कोणी ओळखीचा वकील आहे का रे?' हाच.

हा लेख त्या ओळखीच्या वकिलाआधी काय करता येतं याबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत सरकारनं मोफत सल्ल्यासाठी हेल्पलाइन, ॲप, व्हिडिओ कॉल असं बरंच काही उभं केलं. त्यातलं काय खरंच चालतं, कशासाठी चालतं आणि कुठे आपल्याला उठून जावंच लागतं, हे नीट समजून घेऊ.

आधी पात्रता, कारण तिथेच सगळे चुकतात

१९७६ मध्ये घटनेत कलम ३९-अ आलं. पैसे नाहीत म्हणून कोणी न्यायापासून वंचित राहू नये, हे त्यात राज्याचं काम म्हणून सांगितलं आहे. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात कैद्याला अपील करण्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळणं हा हक्क आहे, असं सांगितलं. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो प्रत्यक्षात लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. इतका उशीर का झाला, हा वेगळ्या लेखाचा विषय.

या कायद्याचं कलम १२ सांगतं की मोफत वकील कोणाला मिळेल. महिला आणि मुलं. अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती. अपंग व्यक्ती. मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेले. कोठडीत असलेले. औद्योगिक कामगार. पूर, भूकंप, दुष्काळ, जातीय अत्याचार किंवा औद्योगिक दुर्घटना यांची झळ बसलेले. आणि यातल्या कशातच न बसणारे, पण उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असणारे. महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे.

लोक ही यादी वाचताना शेवटच्या ओळीवर येऊन थांबतात आणि म्हणतात, 'आमचं घर ३ लाखांच्या वर आहे, आम्हाला कोण देणार?' पण उत्पन्नाची अट फक्त त्या शेवटच्या गटाला आहे. तुमची आई महिन्याला ६० हजार कमावत असली तरी ती महिला म्हणून पात्र आहे. घरातल्या पुरुषांचं उत्पन्न कोणी विचारायचं कारण नाही.

आता हीच यादी आपल्या भागावर ठेवून बघा. महिला आणि १८ वर्षांखालची मुलं धरली की अर्धी लोकसंख्या इथेच ओलांडली. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारे कामगार आले. पूर म्हणाल तर २६ जुलै २००५ आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेही नाही. त्या दिवशी टीव्हीवर गाडी दिसली, पण उल्हास नदीकाठच्या सोसायट्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं त्यांचं काय? विमा कंपनीनं दावा नाकारला किंवा पंचनाम्यात नाव आलं नाही, तर त्या भांडणासाठी पूरग्रस्त म्हणून मोफत वकील मागता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मोरिवली एमआयडीसीच्या बाजूनं रात्री रासायनिक धूर पसरला आणि लोकांचे डोळे-घसे चुरचुरले. औद्योगिक दुर्घटना हा शब्द कायद्यात अशाच प्रसंगांसाठी आहे. फक्त त्या रात्री व्हॉट्सॲपवर फिरलेल्या शेकडो व्हिडिओंमध्ये 'तुम्हाला वकील मिळू शकतो' असं सांगणारा एकही मेसेज माझ्यापर्यंत आला नाही.

मोफत म्हणजे किती मोफत? फक्त वकिलाची फी नाही. कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, अर्ज टाइप करणं, कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती, भाषांतर, हे सगळं त्यात येतं. उत्पन्नाच्या गटातून अर्ज करत असाल तर उत्पन्नाबद्दलचं तुमचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, असं कायद्याचं कलम १३ म्हणतं. त्यामुळे कोणी 'आधी तहसीलदाराचा दाखला आणा' म्हणून परत पाठवलं, तर हे कलम शांतपणे दाखवायचं. आणि नेमलेल्या वकिलानं तुमच्याकडे एक रुपयासुद्धा मागायचा नसतो.

फोनवरची तीन दारं

पहिलं दार म्हणजे १५१००. ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे नालसाची हेल्पलाइन. फोन लागला की 'ठाणे जिल्हा' हे आधी सांगा, कारण तुमचं काम शेवटी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा त्याखालच्या तालुका समितीकडे जाणार असतं. नालसाच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्जही करता येतो आणि अर्ज क्रमांकावरून तो कुठे पोचला ते बघता येतं. वकील हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फोन करा, पण अर्ज ऑनलाइन टाकाच. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा तुमच्या हातात राहत नाही, अर्जाचा राहतो.

दुसरं दार टेलि-लॉ. हा केंद्राच्या कायदा मंत्रालयाचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. तेव्हा गावातल्या कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन व्हिडिओवर वकिलाशी बोलायचं अशी कल्पना होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये याचं ॲप आलं आणि आता घरबसल्या वेळ घेता येते. टोल फ्री नंबर १४४५४. सुरुवातीला कलम १२ मध्ये न बसणाऱ्यांना ३० रुपये द्यावे लागायचे. २०२२ मध्ये सरकारनं हा सल्ला सगळ्यांसाठी मोफत केला. म्हणजे २८ वर्षांचा, वर्षाला ८ लाख कमावणारा आयटीवाला मुलगासुद्धा इथे फुकट सल्ला घेऊ शकतो. सरकारी आकड्यांनुसार टेलि-लॉचा फायदा घेतलेल्यांची संख्या १ कोटीच्या पुढे गेली आहे.

तिसरं न्याय बंधू. हेही ॲप आहे, पण काम वेगळं. स्वेच्छेनं फुकट केस लढायला तयार असलेल्या वकिलांशी ते तुम्हाला जोडून देतं. हे मात्र कलम १२ मधल्या लोकांसाठीच.

नावं सारखी असल्यामुळे इथे गोंधळ होतो. टेलि-लॉचा वकील तुम्हाला सांगेल की काय करायचं. तो तुमच्या वतीनं कोर्टात उभा राहणार नाही. कोर्टात उभं राहायला वकील हवा असेल तर १५१००, ऑनलाइन अर्ज किंवा न्याय बंधू. बरेच जण टेलि-लॉवर बोलून 'नुसतं बोलला, केस घेतली नाही' म्हणून ॲपला एक स्टार देऊन मोकळे होतात. ते दुकानच सल्ल्याचं आहे.

दहा मिनिटांत काय बोलायचं?

आपल्या भागातलं रोजचं उदाहरण घेऊ. बदलापूरला वन बीएचके भाड्यानं घेतला, ५० हजार डिपॉझिट जीपेवरून दिलं, ॲग्रीमेंट 'नंतर करू' म्हणत राहून गेलं. ११ महिन्यांनी घर सोडलं तर मालक म्हणतो, रंगकामात गेले पैसे. पोलीस म्हणतात, हे दिवाणी प्रकरण आहे. मुलगा समजतो, आपल्याकडे कागदच नाही, म्हणजे संपलं.

संपलेलं नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीच केली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला शिक्षेची तरतूदही आहे. म्हणजे ज्या गोष्टीला मुलगा स्वतःचा कमकुवतपणा समजत होता, ती खरं तर मालकाची अडचण आहे. असा एक मुद्दा कळला की भांडणाचा रंग बदलतो. मोफत सल्ल्याची किंमत इथे आहे. प्रत्येक वेळी कोर्टात जायचं नसतं, कित्येकदा नीट लिहिलेली एक नोटीस पुरते.

पण हा मुद्दा वकिलाच्या तोंडून यायला तुम्ही त्याला योग्य माहिती द्यायला हवी. फोन लागण्याआधी एका नोटमध्ये तारखा क्रमानं लिहून काढा: कधी पैसे दिले, कधी घर सोडलं, शेवटचा मेसेज कधीचा. व्यवहाराचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि व्यवहार क्रमांक दिसला पाहिजे. व्हॉट्सॲप चॅटचे नुसते फोटो घेऊ नका, 'एक्स्पोर्ट चॅट' करून फाइल स्वतःला मेल करा. चिडून मूळ चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधीही हे करा. फोनवर 'त्यानं मला फसवलं' इथून सुरुवात न करता 'मला डिपॉझिट परत हवंय, लेखी करार नाही, पैसे ऑनलाइन दिलेत, आता मी काय करू?' असं विचारा. शेवटी वकिलाला एक प्रश्न नक्की विचारायचा: हे करायला माझ्याकडे मुदत किती आहे? कायद्यात जवळपास प्रत्येक तक्रारीला मुदत असते आणि ती आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

जाता जाता, 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, नवीन कायदा आला' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. दोन महिन्यांची ती मर्यादा २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो केंद्रानं राज्यांना दिलेला नमुना आहे. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. मालकापुढे हा मेसेज नाचवलात तर त्याचा वकील हसेल.

ॲप वाढले, माणसं घटली

आता अडतं कुठे ते बघू. इंडिया जस्टिस रिपोर्ट नावाचा अहवाल पोलीस, तुरुंग, न्यायालयं आणि विधी सेवा यांची राज्यवार तुलना करतो. २०२५ च्या अहवालानुसार देशात मोफत कायदेशीर मदतीवर वर्षाला दरडोई खर्च होतो ६ रुपये ४६ पैसे. एका कटिंग चहाचेही पैसे नाहीत. त्याच अहवालात दुसरा आकडा आहे जो मला जास्त बोचतो. विधी स्वयंसेवकांची संख्या २०१९ पासून ३८ टक्क्यांनी घटली आहे. लाख लोकांमागे साधारण ३ स्वयंसेवक उरले आहेत.

हे विधी स्वयंसेवक म्हणजे वकील नाहीत. वस्तीतल्याच थोडं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्ती: अंगणवाडी सेविका, शिक्षक, कॉलेजचे विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी. अर्ज भरायला मदत करणं, कुठल्या ऑफिसात जायचं ते सांगणं, गरज पडली तर सोबत जाणं हे त्यांचं काम. ॲपवर तुमची ऑर्डर 'प्रोसेसिंग'मध्ये अडकली की जसा माणूस लागतो, तसा इथेही लागतो. एकीकडे सरकार डिजिटल दारं उघडतंय आणि दुसरीकडे त्या दारातून आत नेणारा माणूस कमी होतोय. एक कोटीचा आकडा बातमीत येतो. ३८ टक्क्यांचा येत नाही.

आपल्या पट्ट्यात यात आणखी एक भर पडते ती लोकलची. सकाळी साडेसहा-सातची गाडी पकडून ठाणे, घाटकोपर, सीएसएमटी गाठणारा माणूस रात्री नऊला घरी येतो. विधी सेवा समितीचं कार्यालय न्यायालयाच्या आवारात असतं आणि न्यायालयाच्याच वेळेत चालतं. म्हणजे अर्जावर सही करायला, वकिलाला भेटायला एक दिवसाचा खाडा, आणि रोजंदारीवाल्याला खाडा म्हणजे पगार कट. सेवा मोफत असली तरी तिथे पोचणं मोफत नाही. जिल्ह्याचं कार्यालय ठाण्यात. कल्याण आणि उल्हासनगरला न्यायालयं आहेत, पण नेमकं कुठल्या समितीकडे जायचं हे तुमचं प्रकरण कुठल्या न्यायालयाच्या हद्दीत येतं त्यावर ठरतं. हे न कळल्यामुळे माणूस दोन-तीन ठिकाणी हेलपाटे मारतो. म्हणून १५१०० वर फोन केलात की हा एकच प्रश्न आधी विचारा: मी नक्की कुठे जाऊ आणि कोणत्या वेळेत?

मी अंबरनाथला शिवमंदिर भागात राहतो. फोनवर 'शिवमंदिर' टाकलं की शके ९८२, म्हणजे सन १०६० चा शिलालेख, शिलाहार राजा मुम्मुणी, सगळं सेकंदात समोर येतं. 'मोफत वकील अंबरनाथ' टाकलं की वर येतात त्या पैसे घेणाऱ्या सेवा. साडेनऊशे वर्षांपूर्वीची माहिती मिळते, पण चालू आठवड्यात विधी सेवेचं टेबल किती वाजता उघडतं हे मिळत नाही. हे दुरुस्त करायला कुठलंही नवं ॲप लागत नाही. एक नीट भरलेलं पान आणि नकाशावर एक पिन पुरेल.

मग इतकी वर्षं लोक जायचे कुठे? शाखेत. ठाणे जिल्ह्यात सल्ला केंद्र म्हणजे पक्षाची शाखा हे समीकरण जुनं आहे. आनंद दिघे टेंभी नाक्यावर दरबार भरवायचे तेव्हा लोक नवरा-बायकोच्या भांडणापासून खोलीच्या ताब्यापर्यंत सगळं घेऊन जायचे. आज ती जागा गल्लोगल्लीच्या जनसंपर्क कार्यालयांनी घेतली आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. रात्री दहाला उघडं असलेलं, चहा विचारणारं आणि पोलीस ठाण्यात फोन लावणारं दुसरं काही आपल्याकडे आहे का? पण तिथल्या मदतीची नोंद राहते, डोक्यात. निवडणूक आली की ती वसूल होते. आणि समोरचा माणूस त्याच कार्यालयाचा निघाला तर तुमची बाजू कोण घेणार? विधी सेवेच्या वकिलाला तुम्ही कोणाला मत दिलं याच्याशी देणंघेणं नसतं. उघडं राहण्याच्या वेळा मात्र त्यांनी शाखेकडून शिकायला हरकत नाही.

ब्रिटनमध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस नावाची संस्था आहे. ४ सप्टेंबर १९३९ ला, दुसरं महायुद्ध सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिची २०० केंद्रं उघडली. रेशन, हरवलेले नातेवाईक, कर्ज, घरभाडं अशा प्रश्नांसाठी. चालवणारे बहुतेक स्वयंसेवक. आज त्यांचीही वेबसाइट आहे, फोन आहे, पण समोरासमोर बसायचं टेबल त्यांनी बंद केलं नाही. आपल्याकडे कायदा त्यांच्याइतकाच उदार आहे, किंबहुना महिलांच्या बाबतीत जास्तच. कमी पडतं ते टेबल.

बदलापूर, ऑगस्ट २०२४

हे सगळं कागदी वाटत असेल तर बदलापूर आठवा. एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं. तक्रार द्यायला गेलेल्या कुटुंबाला पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं, अशा बातम्या आल्या. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल ठप्प झाली. पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांच्या दिरंगाईवर कडक शब्दांत बोट ठेवलं.

तेव्हा चर्चा झाली ती आंदोलनाची, राजकारणाची आणि नंतर आरोपीच्या मृत्यूची. एक साधी गोष्ट त्यात बुडाली. पॉक्सो कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मुलाच्या कुटुंबाला वकिलाची मदत घेण्याचा हक्क आहे, आणि ती परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणानं वकील द्यायचा असतो. त्याच कायद्यात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता घ्यायचा, आणि मुलाला कुठल्याही कारणानं रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, असं कलम २४ सांगतं. ठाण्यात बसलेल्या, हादरलेल्या आई-वडिलांना हे तोंडपाठ असेल अशी अपेक्षा कोणी करू नये. पण शेजारी हे माहीत असलेला एक माणूस हवा, किंवा निदान फोनवर हवा. तेवढ्यासाठी तर ही सगळी यंत्रणा आहे.

१ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू झाले आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न बघता कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला किंवा पीडित व्यक्तीला मोफत मिळाली पाहिजे. ठाण्यानं नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षक पातळीवर लेखी तक्रार, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. हे चार मुद्दे फोनच्या नोट्समध्ये टाकून ठेवा. अडचण येते तेव्हा शोधायला वेळ नसतो. मुलाच्या बाबतीत काहीही असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ लगेच लावा.

फुकट सल्ल्याच्या नावाखाली

जिथे गरज तिथे ठग. सर्चमध्ये वर दिसणारा 'हेल्पलाइन नंबर' खरा असेलच असं नाही. वर दिलेले सगळे नंबर ४ किंवा ५ आकडी आहेत. 'विधी सेवा कार्यालयातून बोलतोय' म्हणून १० आकडी मोबाइलवरून कोणी नोंदणी फी मागितली, ओटीपी मागितला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर फोन ठेवा. लोक अदालतीत चलान निम्म्यात मिटवा म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. लोक अदालत खरी असते, तिथे तडजोड होते, पण तिचं निमंत्रण एपीकेमधून येत नाही. आणि 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर वकील नंतर, आधी १९३०. रक्कम समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आली तर आली.

रीलवर 'केस १०० टक्के जिंकून देतो, डीएम करा' म्हणणाऱ्यांबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवायला बंदी आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं वकिलांची ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या प्लॅटफॉर्मविरुद्ध निकाल दिला. म्हणजे जो स्वतःचा नियम मोडून तुमच्यापर्यंत पोचला, त्याच्याकडून तुम्ही कायद्याचा सल्ला घेणार आहात.

चॅटबॉटचं काय? मी स्वतः वापरतो. अर्जाची भाषा नीट करायला, इंग्रजी नोटीस मराठीत समजून घ्यायला चांगला आहे. पण कायदा विचारला की तो दोन महिन्यांच्या डिपॉझिटसारखी गोष्ट ठामपणे सांगून मोकळा होतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनीच चॅटबॉटनं बनवलेले, अस्तित्वात नसलेले निकाल सादर केले आणि ५ हजार डॉलर दंड भरला. वकिलांची ही गत. दुसरं असं की वकिलाशी तुमचं बोलणं कायद्यानं गोपनीय असतं, चॅटबॉटशी झालेल्या बोलण्याला तसं संरक्षण नाही. 'मी रागात त्याला मारलं' हे टाइप करण्याआधी याचा विचार करा.

ग्राहक म्हणून तक्रार असेल, म्हणजे बंद पडलेला फोन, न आलेला रिफंड, क्लासची फी, तर वकिलाची गरजही बहुतेक नसते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते. ती निकाल देत नाही, फक्त कंपनीला जागं करते. तेवढ्यानं काम झालं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून ग्राहक आयोगात दावा टाकता येतो, ५ लाखांपर्यंत फी शून्य. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे कंपनी गुडगावची असली तरी तुम्हाला ठाण्याच्या पुढे जावं लागत नाही.

अर्ज टाकला, उत्तर नाही?

मोफत वकिलाच्या अर्जावर ७ दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा, असं नालसाचे २०१० चे नियम सांगतात. आठव्या दिवशी अर्ज क्रमांक घेऊन १५१०० वर पुन्हा फोन करा आणि ठाण्याच्या प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे लेखी विचारणा करा. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात, कारकून नव्हेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, त्यावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे दाद मागता येते, आणि जिल्ह्याचे अध्यक्ष म्हणजे खुद्द प्रमुख जिल्हा न्यायाधीश. नेमलेला वकील फोन उचलत नसेल, तारखेला येत नसेल किंवा 'थोडे खर्चाला द्या' म्हणत असेल, तर तेही याच ठिकाणी लिहून द्यायचं, वकील बदलून मिळू शकतो. अटक झालेल्या माणसाच्या घरच्यांनी न्यायालयात 'लोक अभिरक्षक' कार्यालयाची चौकशी करावी. फौजदारी खटल्यात आरोपीच्या बचावासाठी नेमलेले हे पूर्णवेळ वकील आहेत. रिमांडच्या पहिल्याच दिवशी त्यांना गाठलं तर जामिनाचा अर्ज वेळेत जातो.